पवनीहून निघालेले स्वामी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्त वाचकहो, जयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असं मंदिराच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा माझ्या मनात एकच चरित्र आलं. प. प. श्रीवासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांचं. महाराजांची थोरवी सांगायला माझी योग्यता नाही. पण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या चरित्रानं माझ्या घरातला एक पेच सोडवला, तेवढं सांगतो.

मी पवनी तालुक्यातला निवृत्त शिक्षक. चार एकर धानाची शेती, वडिलांच्या वेळचं घर, त्यावर मी चढवलेला मजला. तो मजला मुलासाठी होता. मुलगी सासरी गेली तेव्हा रडलो, पण ते रडणं रीतीचं होतं. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, तो आज ना उद्या परत येईल असं धरून चाललो होतो. एका संध्याकाळी त्याचा फोन आला. बाबा, इथं फ्लॅट घेतला, वास्तुशांतीला तुम्ही आणि आई या. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, फोन सौ.च्या हातात दिला. पुढे दोन महिने मी त्याच्याशी नीट बोललो नाही. घरात सौ. चूप, मी चूप.

त्याच वर्षी जयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह धरला होता. कारंज्याचा नरहरी मुंज होताच घर सोडायला निघतो आणि अंबामाता व्याकूळ होते, तो अध्याय आला. दरवर्षी वाचतो, पण त्या दिवशी वाचता वाचता आवाज अडकला. आईला आणखी पुत्र होईपर्यंत तो थांबला आणि मग काशीकडे गेला. तीस वर्षांनी तो परत कारंज्याला आला, तो आईबापांच्या भेटीला, राहायला नाही. दुपारी वाचन आटोपून मी टेंबे स्वामींचं चरित्र उघडलं. गुरुचरित्र संस्कृतात दोन हजार श्लोकांत आणणारे तेच. वाटलं, या महापुरुषानं स्वतः काय काय सोडलं असेल?

स्वामींचा जन्म १८५४ चा, श्रावण वद्य पंचमीचा, सावंतवाडीजवळच्या माणगावचा. वडील गणेशभट्ट हे मोठे दत्तभक्त. ते घर सोडून बरीच वर्षं गाणगापुरात सेवेला राहिले होते, आणि दत्तप्रभूंच्या आज्ञेनंच परत येऊन संसाराला लागले, असं चरित्रकार सांगतात. म्हणजे आजोबा हरिभट्टांनीही मुलाला एकदा मनातून सोडलंच होतं. वासुदेवशास्त्री वेद, ज्योतिष, वैद्यक शिकले. एकविसाव्या वर्षी लग्न झालं, अन्नपूर्णाबाई घरात आल्या. १८८३ मध्ये शास्त्रीबुवांनी माणगावात दत्तमंदिर उभं केलं. त्यासाठी स्वतः खपले. लोकांची रीघ लागली, गावाला क्षेत्राचं रूप आलं. आपल्यासारख्यानं म्हटलं असतं, आता इथंच देह ठेवू.

पण १८८९ मध्ये दत्तप्रभूंची आज्ञा झाली आणि ते निघाले. मंदिर, मान, जन्मगाव सारं मागं ठेवून, फक्त पत्नीला सोबत घेऊन. वय पस्तीस. मी दोन खोल्यांचा मजला सोडू शकत नव्हतो!

पुढचं तर अधिक कठीण आहे. त्यांना एक अपत्य झालं, पण ते हाती लागलं नाही. १८९१ च्या वैशाखात गोदातीरी गंगाखेडला अन्नपूर्णाबाई गेल्या. त्यांचं उत्तरकार्य यथासांग करून चौदाव्या दिवशी त्यांनी संन्यास घेतला. इथं मी थबकलो. कर्तव्य टाकून ते कुठंच पळाले नाहीत. पत्नी होती तोवर गृहस्थाश्रम पाळला, तिच्यासाठी जे करायचं ते शेवटपर्यंत केलं, आणि मगच दंड हाती घेतला. सोडणं म्हणजे टाकून देणं नव्हे, हे मला त्या दुपारी प्रथम कळलं.

उज्जैनला श्रीनारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला आणि तिथंच पहिला चातुर्मास झाला. मग हिमालयापासून तंजावरपर्यंत सारा प्रवास पायी. पैशाला शिवायचं नाही, भिक्षा मागून खायची, चातुर्मास सोडला तर कुठं मुक्काम वाढवायचा नाही. असे तेवीस चातुर्मास झाले. १९०७ चा तंजावरला, १९०८ चा कृष्णाकाठी मुक्त्याल्याला, आणि १९०९ चा, आपलं भाग्य, वैनगंगेकाठी पवनीला. पुढल्या वर्षी ते तुंगभद्रेकाठी हावनूरला होते.

चातुर्मास म्हणजे आपल्याकडे रोवणीचे दिवस. पवनीचा घाट, भरून वाहणारी वैनगंगा, चिखलानं भरलेल्या बांध्या, आणि गावात साक्षात दत्तावतारी पुरुष. चातुर्मास संपला तेव्हा लोकांचा पाय निघाला नसेल, डोळ्यांतलं पाणी खळलं नसेल. पण त्यांना अडवून कोण ठेवणार? ते गेले म्हणून पवनी रिकामी झाली का? शंभर वर्षांच्या वर झाली, अजून आपण म्हणतो, महाराज आमच्याकडे राहिले होते. जेवढे दिवस ते होते तेवढे दिवस सेवा घडली, ती गावाचीच झाली.

आपण शेतकरी माणसं. पऱ्हे टाकतो, जपतो, पाणी देतो. पण रोवणीला तेच पऱ्हे मुळासकट उपटून दुसऱ्या बांधीत लावतो. जीव लागला म्हणून ते पऱ्ह्यातच ठेवलं तर लोंबी धरेल का? वयाची साठ वर्षं हे पाहत आलो, आणि स्वतःच्या पोराच्या बाबतीत विसरलो. पोरगं घरात आलं तेही चातुर्मासासारखं, काही वर्षांच्या मुक्कामाला. तेवढ्यात खाऊ घालायचं, शिकवायचं, वळण लावायचं. निघताना दार धरून उभं राहायचं नाही.

जयंतीला पवनीला गेलो. घाटावर बसून मुलाला फोन लावला. वास्तुशांतीचा मुहूर्त काढला का, एवढंच विचारलं. पलीकडे तो क्षणभर बोललाच नाही. मग म्हणाला, बाबा, तुमच्यासाठीच थांबलो होतो. आम्ही गेलो. सौ.नं घरच्या धानाचे तांदूळ नेले, मी दत्ताची तसबीर नेली. तीन दिवस राहून परत आलो. तो आणखी राहा म्हणत होता, पण मीच निघालो.

परत आल्यावर वरचा मजला उघडला, झाडला. आता दर गुरुवारी तिथं आरती होते, आळीतली पोरं येतात. सारं मनातून गेलं असं मात्र नाही. संध्याकाळी अंगणात अजूनही गाडीच्या आवाजाकडे कान जातो. जाऊ द्या, कान जातो, पण आता राग येत नाही.

स्वामी १९१४ च्या आषाढ शुद्ध प्रतिपदेला नर्मदातीरी गरुडेश्वरला समाधिस्थ झाले. ज्यांनी सारं सोडलं, त्यांना आपण अजून सोडलेलं नाही. ज्यांची मुलं दूर आहेत त्यांनी या जयंतीला पादुकांवर डोकं ठेवताना मुलांना परत बोलावण्याचं मागणं मागू नये. जिथं आहेत तिथं त्यांची मुळं धरोत, एवढंच मागावं.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!