धुळीतलं विष ओळखणारी डॉक्टर

मैत्रिणींनो, घरातल्या कर्त्या माणसाच्या पोटात वारंवार कळा यायला लागल्या की आपण काय विचारतो? काल काय खाल्लं, पाणी कुठलं प्यायलं, आणि संशय असलाच तर दारू प्यायली का! पण दिवसभर तू काम काय करतोस, कशात हात घालतोस, हे फारसं कुणी विचारत नाही. हाच साधा प्रश्न विचारत एका बाईने उभं आयुष्य काढलं. तिचं नाव डॉ. ॲलिस हॅमिल्टन.

ॲलिसचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ चा, न्यूयॉर्कमधला. ती वाढली मात्र अमेरिकेतल्याच इंडियाना राज्यात, फोर्ट वेन या गावी. घर सुखवस्तू, भावंडं पाच, मुलींचं सुरुवातीचं शिक्षण घरीच झालं. ग्रीक पुराणकथांवरच्या पुस्तकामुळे पुढे नावाजलेली एडिथ हॅमिल्टन ही तिची थोरली बहीण. वडिलांचा किराणा मालाचा घाऊक धंदा बुडाला आणि मुलींना आपल्या पायावर उभं राहणं भाग पडलं. ॲलिसने डॉक्टरकी निवडली. १८९३ साली मिशिगन विद्यापीठातून ती डॉक्टर झाली. पुढच्या अभ्यासासाठी दोघी बहिणी जर्मनीला गेल्या. तिथल्या विद्यापीठांना तेव्हा बायकांचं वावडं होतं. यांना वर्गात बसू दिलं, पण कुणाच्या नजरेत येणार नाही अशा बेताने!

१८९७ मध्ये ॲलिस शिकागोला आली. बायकांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागली आणि राहायला गेली हल हाउसमध्ये. हे होतं जेन ॲडम्स यांनी १८८९ मध्ये मैत्रिणीबरोबर गोरगरिबांच्या वस्तीत काढलेलं सेवाकेंद्र. आजूबाजूला इटली, पोलंड, ग्रीस अशा देशांतून पोट भरायला आलेली कुटुंबं. ॲलिसने तिथे तान्ह्या बाळांचा दवाखाना चालवला, बाळांना अंघोळ कशी घालायची हे आयांना दाखवलं. आम्ही सामाजिक काम करणाऱ्या बायका जे करतो तेच की हे! पण ॲलिसला एक गोष्ट खटकत होती. त्या वस्तीतले धडधाकट पुरुष ऐन उमेदीत खंगत होते. कुणाचा चेहरा पांढराफटक, कुणाच्या पोटात मरणाच्या कळा, कुणाची मनगटंच लुळी. ही सारी शिशाच्या विषाची लक्षणं. युरोपात कामाच्या ठिकाणच्या आजारांवर पुस्तकं निघाली होती, कायदे झाले होते. अमेरिकेत मात्र आमच्याकडे असं काही नाहीच, अशी सगळ्यांची समजूत!

१९१० साली इलिनॉय राज्याने अशा आजारांची पाहणी करायचं ठरवलं आणि शिशाचं काम ॲलिसकडे आलं. शिसं कुठे कुठे वापरतात याची धड यादीसुद्धा नव्हती. रंगाच्या कारखान्यात सफेदा म्हणजे पांढरं शिसं, बॅटऱ्यांत शिसं, मातीच्या भांड्यांच्या चकाकीत शिसं. आपला शेंदूर, तोही मुळात शिशाचाच. ॲलिस कारखान्यांत फिरली, शिड्या चढली. इस्पितळांतल्या नोंदी चाळल्या. आणि मुख्य म्हणजे ती कामगारांच्या घरी गेली. साहेबासमोर जो माणूस तोंड उघडत नाही, तो स्वतःच्या घरात मोकळेपणाने बोलतो. बायको तर आणखी चार गोष्टी सांगते, हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको.

एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. एका पोलिश कामगाराची दोन्ही मनगटं लुळी पडली होती. तो अंघोळीचे टब बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. ॲलिस तिथे गेली. तिला टब रंगवण्याचं काम दाखवलं, त्यात धोक्याचं काही दिसेना. मग तिने त्या माणसाचं घर शोधून काढलं. तेव्हा कळलं, की त्याचं खरं काम दुसऱ्याच ठिकाणी चालायचं! लालभडक तापलेल्या टबावर इनॅमलची पूड भुरभुरायची, ती वितळून चकचकीत थर बसायचा. आपल्या इनॅमलच्या पातेल्यावर असतो ना, तसला. ती पूड मिळवून तपासली, तर त्यात २० टक्क्यांपर्यंत शिसं! अख्खा दिवस तो माणूस ती पूड श्वासाबरोबर आत घेत होता.

मालकांचं म्हणणं एकच असे. हे लोक अडाणी, हात न धुता जेवतात, दारू पितात, म्हणून आजारी पडतात. ॲलिसने दाखवून दिलं, की माणूस कितीही स्वच्छ राहिला तरी श्वास घेणं काही थांबवू शकत नाही. विष मुख्यतः हवेतल्या धुळीत आणि वाफेत आहे. तेव्हा कामगाराच्या सवयींवर बोट ठेवण्याआधी धूळ आवरा! पूड ओली ठेवा, धूळ ओढून घेणारे पंखे लावा. तिच्या कामाचं सार मला यातच दिसतं.

ती भांडखोर नव्हती. पुरावा गोळा करायची आणि शांतपणे मालकापुढे ठेवायची. नॅशनल लेड या बड्या कंपनीचे उपाध्यक्ष एडवर्ड कॉर्निश यांना आपल्या कारखान्यात विषबाधा होते हे पटेना. ॲलिसने त्यांच्याच कारखान्यातले २२ रुग्ण शोधून समोर मांडले. कॉर्निश यांनी शब्द पाळला. धूळ-धूर आवरायची सोय केली, तपासणीला डॉक्टर नेमले. १९११ मध्ये इलिनॉयने कामाच्या आजारांवर कायदाही केला.

पुढे केंद्र सरकारसाठी ती देशभर फिरली. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याचे कारखाने शोधताना आकाशातले नारिंगी धूर आणि रसायनाने पिवळे पडलेले कामगार हाच तिचा माग असे. शिशाच्या धंद्यातल्या बायकांवर तिचा वेगळा अहवाल १९१९ मध्ये निघाला. शिशाचं विष आईच्या अंगात भिनलं, की पोटातल्या बाळालाही सोडत नाही.

त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाने तिला नेमलं. तिथे शिकवणारी ती पहिली स्त्री. पण मानाबरोबर अटीही आल्या! प्राध्यापकांच्या क्लबात यायचं नाही, फुटबॉलची तिकिटं मागायची नाहीत, पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचं नाही. १९३५ मध्ये निवृत्त होईपर्यंत सहायक प्राध्यापक या पदावरून तिला एक पायरीही वर चढू दिलं नाही.

१९२५ साली पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्यावरून वाद पेटला, तेव्हाही ती विरोधात उभी राहिली. त्याआधीच्या वर्षी हे रसायन बनवताना न्यू जर्सीत पाच कामगार मेले होते. तरी तिचं कुणी ऐकलं नाही. आपल्या देशात शिसंविरहित पेट्रोल सर्वत्र सक्तीचं झालं २००० साली. जगातून शिशाचं पेट्रोल हद्दपार व्हायला २०२१ उजाडलं. एका बाईने दिलेला इशारा पटायला जवळजवळ शंभर वर्षं!

ॲलिस २२ सप्टेंबर १९७० रोजी वारली, वय वर्षं १०१. त्यानंतर तीनच महिन्यांनी कामगारांच्या सुरक्षेचा कायदा साऱ्या अमेरिकेसाठी झाला.

ही इतकी लांबची गोष्ट आज का सांगते आहे? आपल्याकडे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हाही सर्रास ऐकू आलं, की त्यांनी तोंडाला काही बांधलंच नव्हतं. शंभर वर्षांपूर्वीच्या मालकांचीच भाषा ही! औषध किती जहाल होतं, उन्हाच्या कडाक्यात तसला पोशाख मिळतो का आणि सोसतो का, हे प्रश्न मागे राहिले.

मी आमच्या भागात आरोग्य शिबिरं भरवते. केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात सरसकट मजुरी एवढंच लिहिलेलं असतं. पण मजुरी कसली? विड्या वळायची, बॅटऱ्या खोलायची, रंग फवारायची, की शेतात औषध मारायची? प्रत्येकीचं दुखणं वेगळं. म्हणून एवढं करा. दवाखान्यात गेलात की डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन कामाचं नाव सांगा, शक्य असेल तर डब्यावरची चिठ्ठी बरोबर न्या. कामावरचे कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका आणि त्या कपड्यांनिशी आलेल्या माणसाच्या मांडीवर बाळ देऊ नका. आणि एकाच ठिकाणी काम करणाऱ्या चार घरांत सारखंच दुखणं दिसलं, तर ते नशिबावर ढकलू नका. चौघी मिळून ते लिहून काढा, नाव, काम आणि तारखेसकट. ॲलिसकडे तरी दुसरं कुठलं हत्यार होतं?