होल्बाइनची मृत्यूची चित्रे

हान्स होल्बाइन म्हणजे आठव्या हेन्रीचा चित्रकार, एवढे आपणा इंग्लंडवासी मंडळींना ठाऊक असते. जर्मनीत आउग्सबुर्गला जन्मलेल्या या माणसाने त्याआधी, १५२५ च्या सुमारास, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला मृत्यूची चित्रे काढली. काडेपेटीहून जेमतेम मोठी. हाडांचा सापळा राजाला मद्य वाढतो, शेतकऱ्याचे औताचे घोडे हाकतो आणि रांधणाऱ्या आईसमोरून पोराला हाताला धरून नेतो. हे शेवटचे मला बघवत नाही. ती लाकडात कोरणारा ल्युत्सेलबुर्गर १५२६ मध्ये वारला, काही कोरायची राहिलीच. १५३८ मध्ये फ्रान्सच्या ल्यों शहरात ४१ चित्रे छापली गेली.

होल्बाइन १५४३ मध्ये लंडनला वारला. घोडा विकून कर्ज फेडावे, दाईकडे ठेवलेल्या दोन मुलांसाठी दरमहा साडेसात शिलिंग द्यावेत, असे त्याच्या मृत्युपत्रात होते. त्याची कबर कुठे आहे, कोणालाच माहीत नाही.