सावकाश चालीची तेरा वर्षे

आचार्य विनोबा भावे यांचे चरित्र गीता आणि भूदान या दोन शब्दांत आटोपण्याची आपल्याकडे रीत आहे. ज्या देहाने हे कार्य वाहिले, त्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. वस्तुतः 1895 साली कुलाबा जिल्ह्यातील गागोदे येथे जन्मलेल्या या पुरुषाची प्रकृती ऐन तारुण्यातच ढासळली होती.

1917 साली त्यांनी गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेतली. वाईस नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी अध्ययन हा एक हेतू आणि प्रकृतिसुधार हा दुसरा. त्यासाठी त्यांनी प्रथम दहा-बारा मैल चालण्याचा क्रम ठेवला. दळण व सूर्यनमस्कार मागाहून आले. त्याच वर्षात महाराष्ट्रात सुमारे 400 मैलांची पायपीटही घडली.

यामागील शरीरशास्त्र आता बरेच उलगडले आहे. सोबत्याशी बोलता यावे इतक्या बेताच्या गतीने दीर्घकाळ चालले वा धावले असता स्नायू मुख्यतः चरबी जाळतात आणि साखरेचा मर्यादित साठा राखतात. हा क्रम महिनोन्‌महिने टिकला म्हणजे स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात, पेशींतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिका वाढतात, आणि पूर्वी ज्या श्रमाने माणूस गळून जाई तोच श्रम सहज पेलतो. पोलीस भरतीच्या 1600 मीटर शर्यतीसाठी रोज जीव तोडून धावणाऱ्या नंदुरबारच्या तरुणांना हे सांगावयास हवे. वेगाचा सराव हवाच. परंतु पायाच नसेल तर तो उभा कशावर राहणार?

विनोबांचा पाया पक्का होता. 1951 साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ते पवनारहून हैदराबादजवळील शिवरामपल्लीस पायी निघाले. पुढे 18 एप्रिल रोजी पोचमपल्लीत भूमिहीन हरिजनांनी 80 एकर जमीन मागितली, रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर देऊ केली, आणि यात्रा तेरा वर्षे लांबली. पहाटेच्या अंधारात निघावे, दहा-बारा मैल चालून मुक्काम गाठावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोटात व्रण, आहार दूध-दह्याचा. 1952 च्या अखेरीस चांडील येथे हिवतापाने त्यांना मृत्यूच्या दारी नेले, तरी बरे होताच पावले पुन्हा चालू लागली. 1958 मध्ये ते महाराष्ट्रात फिरले, तेव्हा आज नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या अक्राणी महालापर्यंत ग्रामदानाचे वारे पोचले होते. 1964 साली ते पवनारला परतले.

या चालण्याचे आर्थिक फलित मात्र निर्भेळ नाही. पाच कोटी एकरांच्या संकल्पापैकी चाळीस लाखांच्या आसपास जमीन दानात आली. त्यातलीही बरीच खडकाळ वा वादग्रस्त निघाली, आणि वाटपाचे काम सरकारी दप्तरात रेंगाळले. पायांनी आपले काम केले, महसुली यंत्रणेने केले नाही, असे म्हणावे लागते. दात्यांची चतुराईही विसरता येत नाही.

1965 पासून बिहारमध्ये ‘तूफान’ यात्रा सुरू झाली ती मोटारीने. गावोगावची ग्रामदाने हजारोंनी जाहीर झाली, 1969 मध्ये सबंध बिहारदानाचीही घोषणा झाली. त्यांतील बहुतेक ग्रामदाने कागदावरच राहिली.