धुरंधरांची वही

आमच्या वैशाखऱ्यातून नाणेघाटाची वाट वर जाते. नानाचा अंगठा लहानपणापासून डोळ्यांसमोर. तेव्हा चित्रकलेची आवड लागल्यावर मी तो काढला, हे ओघानेच आले. दहा-बारा वेळा काढला. एके दिवशी ती सगळी चित्रे अंगणात मांडली आणि ओशाळलो. पायथ्याशी निळी नदी, नदीत शिडाची होडी! आमच्याकडे शिडाची होडी कुठली? डोंगर दारातला होता, पण चित्र कॅलेंडरवरचे होते. मग माझे स्वतःचे चित्र कोणते, हा प्रश्न छळू लागला. त्याच दिवसांत ग्रंथालयात रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे १९४० सालचे आत्मचरित्र हाती लागले.

धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले. जातीने पाठारे प्रभू. १८९० मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले, पुढे तेथेच शिकवू लागले आणि १९३१ मध्ये निवृत्त झाले. पुस्तकाच्या नावातली एकेचाळीस वर्षे ती हीच. त्यांच्या विद्यार्थिदशेत शाळेचे प्रमुख होते जॉन ग्रिफिथ्स, अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेणारे. शिक्षण मात्र विलायती वळणाचे : पाश्चात्त्य पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नमुन्यांवरून रेखाटन, छायाप्रकाश, यथार्थदर्शन. अशा शिस्तीतून बाहेर पडणारा माणूस जन्मभर पुतळेच काढत राहिला असता तर नवल नव्हते.

धुरंधरांनी त्या शिस्तीशी भांडण मांडले नाही. ती हातात मुरवली आणि पेन्सिल घेऊन ते रस्त्यावरच्या माणसांकडे वळले. मला त्यांचे मोठेपण इथे दिसते. हमाल, पोस्टमन, शिपाई, फेरीवाले, देवळाच्या वाटेवरच्या बायका. डोक्यावर ओझे असले की मान कशी ताठ होते, कडेवर मूल असले की कंबर कुठल्या बाजूला झुकते, नऊवारीचा काष्टा चालताना कसा ताणतो, हे कुठलाही प्लास्टरचा पुतळा शिकवीत नाही. ते हजारो रेखाटने करीत गेले. त्यातूनच त्यांची मुंबईच्या माणसांची पोस्टकार्डे आली आणि पुस्तकांतली चित्रेही. किंकेडसाहेबांच्या मराठी कहाण्यांच्या पुस्तकाला १९१४ मध्ये त्यांची चित्रे होती, रॉथफिल्डच्या हिंदी स्त्रियांवरील पुस्तकाला १९२० मध्ये. बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना १८९५ मध्येच मिळाले होते. पदक मिळाले म्हणून वही मिटली नाही.

त्यांची सगळीच चित्रे मला आवडतात असे नाही. पौराणिक चित्रांतल्या देवता फार गोंडस वाटतात. तिथे ते रविवर्म्याच्या वाटेने चालले आहेत असे वाटते. पुढच्या पिढीने त्यांना जुन्या वळणाचे ठरवून बाजूला सारले, त्यात काही तथ्य असेलही. पण लग्नघरातली बायकांची गर्दी काढावी तर धुरंधरांनीच. त्या घरातला वावर त्यांनी जन्मभर पाहिलेला होता. आपले वळण शोधायला ते कुठे लांब गेले नाहीत. १ जून १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची कन्या अंबिका धुरंधर याही चित्रकार झाल्या.

पुस्तक संपवून मी पौष पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेला गेलो, एक साधी वही घेऊन. मुरबाड तालुक्यातली ही यात्रा बैलबाजारासाठी आणि घोंगड्यांसाठी नावाजलेली. पहिले दोन तास काहीच जमले नाही. माणूस काढायला घ्यावा, तो उठून जाई. बैल त्यातल्या त्यात बरे, निदान बांधलेले असत! एका घोंगडीवाल्या आजोबांनी विचारले, "माझं नाक एवढं मोठं हाय का रं?" मी म्हणालो, "नाही आजोबा, चुकलंच." त्यांनी वही हातात घेतली, आपले चित्र न्याहाळले आणि म्हणाले, "पण बसलोय मी असाच. गुडघा दुखतोय, म्हणून पाय पसरलाय."

तो पाय मी न ठरवता काढला होता. नाक अजून जमलेले नाही. येत्या पौषात पुन्हा जाणार आहे. आजोबांनी त्याच जागी दुकान लावीन म्हणून सांगितले आहे.