ऊब देऊन गेलेला माणूस

पोहायला वेगळे कपडे लागतात, असे कुणी सांगितले तर आमच्या वरकुट्यातली म्हातारी माणसे आजही हसतील. इंदापूर तालुक्यातल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या विहिरीत उड्या मारल्या त्या चड्डीवर, नाहीतर लंगोटावर. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधला की शिक्षण सुरू! थंडीच्या दिवसांत पाण्यातून वर आले की दात वाजायचे, ओठ निळे पडायचे. त्यावर औषध एकच. उन्हाने तापलेल्या दगडावर पालथे पडून राहायचे.

त्यामुळे माझा पुतण्या मालवणजवळच्या तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग शिकून आला आणि त्याने स्वतःच्या मापाचा वेट सूट शिवून मागवायचे ठरवले, तेव्हा घरात बरीच करमणूक झाली. मापे घ्यायला गावातल्याच टेलरला बोलावले. त्यांनी सवयीप्रमाणे छातीच्या मापात दोन इंच लूजिंग धरले. पुतण्या म्हणाला, इथे लूजिंग शून्य! अंगाला घट्ट बसला नाही तर हा पोशाख असून नसल्यासारखा. टेलरमास्तर चक्रावले आणि खरे सांगायचे तर मीही. पाण्यात भिजणारा कपडा ऊब कशी देणार? या कोड्याचा माग काढता काढता मी एका माणसापाशी जाऊन पोहोचलो आणि मग पोशाख बाजूला राहिला.

त्याचे नाव वॉलेस कॅरोदर्स. नायलॉनचा जनक म्हणून जग त्याला ओळखते. पण वेट सूट ज्या निओप्रिनचा बनतो, ते रबरही त्याच्याच प्रयोगशाळेतले.

कॅरोदर्सचा जन्म २७ एप्रिल १८९६ चा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टनचा. चार भावंडांत थोरला. वडील वाणिज्य शिकवणाऱ्या संस्थेत शिक्षक. मुलाने हिशेबनीस व्हावे ही त्यांची इच्छा आणि मुलाने ती मान्यही केली. आपल्याकडच्या कितीतरी घरांतली ही गोष्ट आहे. पण मन रमत होते रसायनशास्त्रात. १९१५ साली तो मिसुरीतल्या टार्किओ या छोट्या कॉलेजात गेला आणि तिथले रसायनशास्त्राचे प्राध्यापक कॉलेज सोडून गेल्यावर, स्वतः विद्यार्थी असतानाच, इतरांना शिकवू लागला. पुढे इलिनॉय विद्यापीठातून १९२४ साली डॉक्टरेट मिळाली आणि दोन वर्षांनी हार्वर्डसारख्या नामांकित विद्यापीठात अध्यापकाची जागा.

याच सुमारास ड्यूपाँ या बलाढ्य रासायनिक कंपनीने एक धाडस केले होते. लगेच विकता येईल असा माल नको, निव्वळ मूलभूत संशोधन करा, असे म्हणून तिने वेगळी प्रयोगशाळा काढली. तिथे येण्यासाठी कॅरोदर्सला विचारणा झाली. त्याने आधी नकार दिला. कारण त्याने लपवले नाही. आपल्याला अधूनमधून मनाच्या अशा अवस्थेतून जावे लागते की कामाची शक्तीच उरत नाही आणि कंपनीच्या नोकरीत ती मोठी अडचण ठरेल, हे त्याने स्वच्छ शब्दांत कळवले. कंपनीने तरीही आग्रह धरला. १९२८ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो विल्मिंग्टनला रुजू झाला.

दोनच वर्षांत, एप्रिल १९३० मध्ये, त्याचा सहकारी आर्नॉल्ड कॉलिन्स ॲसिटिलीनपासून मिळणाऱ्या पदार्थांवर काम करीत होता. नोटरडेम विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ धर्मगुरू ज्यूलियस न्यूलँड यांच्या संशोधनाचा हा पुढचा धागा. कॉलिन्सने बाजूला ठेवलेल्या एका द्रवाचा आपोआप घट्ट गोळा झाला. तो टाकून पाहिला तर चेंडूसारखा उसळला! १९३१ पासून हे रबर बाजारात आले आणि पुढे निओप्रिन म्हणून रूढ झाले. झाडाच्या चिकापासून केलेले रबर तेल लागले की फुगते, ऊन लागले की चिरते. निओप्रिन दोन्हींना पुष्कळ तोंड देते. म्हणूनच इंजिनाच्या आणि गिरणीच्या अनेक पट्ट्यांत ते असते. समुद्र न पाहिलेल्या शेतकऱ्याच्याही हाताखालून ते गेलेले असते.

याच रबरात वायूचे बारीक बुडबुडे कोंडले की त्याचा हलका, मऊ फोम होतो. १९५२ च्या सुमारास कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी ओळखले की, पाणबुड्या कोरडा राहिलाच पाहिजे असे नाही. अंग आणि कपडा यांच्यामध्ये पाण्याचा पातळसा थर शिरला तरी शरीर तो तापवते आणि बुडबुडे ती ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. मात्र तो थर जागच्या जागी राहिला पाहिजे. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने अंगातली उष्णता ओढून नेते. सूट ढिला असला तर प्रत्येक हालचालीबरोबर आतले कोमट पाणी बाहेर आणि बाहेरचे गार पाणी आत. टेलरमास्तरांचे दोन इंच नडतात ते इथे.

म्हणून सूट निवडताना पाहायचे ते असे. कमरेच्या मागच्या खोलगट भागात, काखेत आणि जांघेत पोकळी राहता कामा नये. मनगट, घोटा आणि मान इथे कड नीट चिकटून बसावी, पण गळा आवळला जाऊ नये. खोल श्वास मोकळेपणाने घेता यावा, हात डोक्यावर सहज जावेत. कोकणच्या कोमट समुद्राला तीन मिलिमीटर जाडी बहुधा पुरते, गार पाण्याला पाच किंवा सात लागते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, बुडबुडे दबतात आणि सूट पातळ पडतो, हेही ध्यानात ठेवावे. पायातल्या निओप्रिनच्या बुटांचेही तसेच. बोटे मुडपू नयेत, टाच उचलली जाऊ नये, खडकावर चालण्यासाठी तळ टणक हवा. पोहण्याचे पंख घ्यायचे ते हे बूट चढवूनच मापून घ्यावेत. वापरानंतर सारे गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवावे.

या सुटाच्या फोमवर बहुधा कापडाचे अस्तर असते आणि ते पुष्कळदा नायलॉनचे असते. तेही कॅरोदर्सचेच. फोम आणि अस्तर, दोन्ही एकाच डोक्याची देणगी!

पण त्या डोक्यात काय चालले होते? १९३० च्या मध्यापासून प्रयोगशाळेची सूत्रे बदलली आणि विकता येईल असे काही हाती द्या, हा तगादा वाढला. २८ फेब्रुवारी १९३५ रोजी नायलॉन सिद्ध झाले. १९३६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्याला सदस्य करून घेतले. उद्योगात काम करणाऱ्या सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाला हा मान प्रथमच मिळत होता. त्याच वर्षी त्याने हेलन स्वीटमन हिच्याशी लग्न केले. बाहेरून पाहणाऱ्याला सगळे जुळून आले होते. त्याला मात्र वाटे, आपल्या हातून काही झालेच नाही आणि नवे काही सुचणारही नाही. त्याच वर्षी त्याला मनोरुग्णालयात ठेवावे लागले. जानेवारी १९३७ मध्ये लाडकी बहीण इझोबेल न्यूमोनियाने गेली. २९ एप्रिल १९३७ रोजी, एक्केचाळिसाव्या वाढदिवसानंतर दोन दिवसांनी, कॅरोदर्सने स्वतःच आपले आयुष्य संपवले. नोव्हेंबरमध्ये त्याची मुलगी जन्मली. वडिलांनी तिला पाहिले नाही. १९३८ साली जगापुढे आलेले नायलॉन आणि १९४० साली त्याच्या मोज्यांसाठी लागलेल्या रांगाही त्याने पाहिल्या नाहीत.

त्याच्या भोवतीची माणसे निष्ठुर होती असे म्हणता येत नाही. मित्र होते, पत्नी होती, डॉक्टर उपचार करीत होते. पण नैराश्यावरची औषधे यायला अजून पंधरा-वीस वर्षे अवकाश होता. आज ती आहेत, समुपदेशनही आहे. कमी पडते ते दुसरेच. घरातला हुशार मुलगा किंवा कर्ता माणूस गप्प गप्प झाला, तर त्याच्या पगाराकडे, गुणपत्रिकेकडे बोट दाखवून आपण म्हणतो, याला काय कमी आहे? कॅरोदर्सलाही काही कमी नव्हते. आपले दुखणे त्याने नोकरी धरण्याआधीच सांगून टाकले होते.

शरीराचे माप फीत लावून घेता येते. मनाला फीत लावता येत नाही, तिथे माणसाच्या शब्दावरच विश्वास ठेवावा लागतो. म्हणून घरात कुणी आपणहून म्हणाले की मला जड जाते आहे, तर हातातले काम बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जावे.