पिवळ्या उंदरांचे कोडे आणि लुसियाँ क्वेनो

हौसेने उंदीर पाळणाऱ्या युरोपातील शौकिनांना पांढऱ्या किंवा काळ्या उंदरांचा शुद्ध वाण तयार करणे अवघड जात नसे. पिवळ्या उंदरांचा एक वाण मात्र काही केल्या शुद्ध होत नव्हता. पिवळ्या जोडीच्या पोटी दरवेळी काही पिल्ले दुसऱ्याच रंगाची निघत. या कोड्याची पद्धतशीर नोंद प्रथम केली ती फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लुसियाँ क्वेनो यांनी.

क्वेनो यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८६६ रोजी पॅरिसमध्ये झाला. तारामाशांच्या शरीररचनेवर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १८९० मध्ये ते लोरेन प्रांतातील नान्सी विद्यापीठात दाखल झाले. हेच शहर पुढे त्यांची कर्मभूमी ठरले.

वाटाण्यावरील प्रयोगांतून मेंडेल यांनी मांडलेले आनुवंशिकतेचे नियम १९०० मध्ये नव्याने उजेडात आले. प्रत्येक गुणाचा एक घटक मातेकडून व एक पित्याकडून येतो, हे त्यांचे सार होते. वनस्पतींचा हा नियम प्राण्यांना लागू पडतो का, असा प्रश्न होता. क्वेनो यांनी करड्या आणि पांढऱ्या उंदरांचा संकर केला. पहिली पिढी सगळी करडी निघाली. दुसऱ्या पिढीत सुमारे तीन करड्यांमागे एक पांढरा उंदीर आला. १९०२ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेंडेलचा नियम प्राण्यांतही चालतो, याचा हा अगदी आरंभीचा पुरावा होता.

पिवळ्या उंदरांनी मात्र त्यांना पेचात टाकले. पिवळ्या नर-माद्यांपासून २६३ पिवळी आणि १०० इतर रंगांची पिल्ले जन्मली. नियमानुसार या पिवळ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश शुद्ध असायला हवी होती. क्वेनो यांनी ८१ पिवळ्या उंदरांची संतती तपासली. त्यांत एकही शुद्ध निघाला नाही. पिवळा घटक असलेले शुक्रबीज पिवळा घटक असलेल्या अंड्याशी संयोग पावत नसावे, असा तर्क त्यांनी १९०५ मध्ये मांडला. तसे असते तर तीनास एक हे प्रमाण कायम राहिले असते आणि त्यांचे आकडे त्याच्या जवळचे होते. मोजक्या पिल्लांच्या संख्येने त्यांना चकवले होते.

१९१० मध्ये अमेरिकेत विल्यम कॅसल आणि क्लॅरेन्स लिटल यांनी १,२३५ पिल्लांची मोजदाद केली. त्यांपैकी ८०० पिवळी व ४३५ इतर रंगांची होती. हे प्रमाण जवळपास दोनास एक होते. अर्थ उघड होता. दोन्हीकडून पिवळा घटक घेतलेले गर्भ तयार होत होते, पण जन्मापूर्वीच मरत होते. एकच घटक रंगही देतो आणि दुप्पट झाल्यास प्राणही घेतो, हे सिद्ध झाले. घातक जनुकाचे हे उदाहरण आजही जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिले जाते.

या मृत्यूचे मूळ १९९० च्या दशकात सापडले. पिवळ्या उंदरांच्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. त्यामुळे रंगाचे जनुक शरीरभर अवेळी जागे होते आणि शेजारचे दुसरे जनुक नाहीसे होते. हे उंदीर लठ्ठ का होतात, याचाही उलगडा त्यातून झाला आणि भुकेच्या नियंत्रणावरील संशोधनाला नवी वाट मिळाली.

फ्रान्समधील विद्यापीठांनी मात्र या नव्या शास्त्राला दीर्घकाळ थारा दिला नाही. सॉर्बोनमध्ये आनुवंशिकीचे पहिले अध्यासन १९४० च्या दशकात, दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाले. क्वेनो उत्क्रांतीच्या प्रश्नांकडे वळले आणि नान्सीतील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीतही त्यांनी पुढाकार घेतला. ७ जानेवारी १९५१ रोजी नान्सी येथेच त्यांचे निधन झाले.

क्वेनो यांचा तर्क चुकला, पण न जुळणारी गोष्ट त्यांनी दडवली नाही. नोंदी प्रामाणिक होत्या, म्हणूनच पुढच्यांना योग्य उत्तर शोधता आले.