न्यूट्रॉनांची वाट बांधणारा शास्त्रज्ञ : डॉ. होमी जहांगीर भाभा

तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील खाणींतून निघणारा काळा, जड दगड आपल्या जिल्ह्यातील मुलांना नवा नाही. आपल्या वसतिगृहातील काही मुलांच्या घरची चूल त्या खाणींच्या मजुरीवरच पेटत आली आहे. हा दगड मँगनीजचा. पोलाद कणखर व्हावे म्हणून तो लागतो आणि सुक्या सेलमध्येही तो भरला जातो. एवढे आपण भूगोलाच्या तासाला शिकवतो. परंतु मँगनीज आणि ऑक्सिजन यांच्या एका साध्या संयुगाने 1949 साली अमेरिकेतील ओक रिज येथील प्रयोगशाळेत पदार्थविज्ञानाचे एक बंद दार उघडले, हे सहसा सांगितले जात नाही. त्या दारापर्यंत भारतातील तरुणांना पोहोचता यावे म्हणून ज्यांनी वाट बांधली, त्या डॉ. होमी भाभा यांचे चरित्र आपण बहुधा अणुशक्तीच्या अंगाने वाचतो. येथे ते न्यूट्रॉनाच्या अंगाने सांगावयाचे आहे.

भाभांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 रोजी मुंबईतील एका संपन्न पारशी घराण्यात झाला. वडील जहांगीर हे कायदेपंडित, आजोबा म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्याचे प्रमुख, आणि आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. घरात ग्रंथसंग्रह होता, पाश्चात्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या, चित्रकला शिकवावयास शिक्षक होते. कॅथेड्रल शाळेनंतर ते एल्फिन्स्टन महाविद्यालयात आले. त्याच महाविद्यालयातून सुमारे दीड दशक आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर पदवीधर होऊन बाहेर पडले होते. इमारत तीच, परंतु दोघांच्या वाटेवरील खाचखळगे सारखे नव्हते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. भाभांना जे लाभले ते जन्माने लाभले, हे मान्य करूनच पुढे जावे. त्यांची थोरवी त्या संपन्नतेचे त्यांनी काय केले यात आहे.

1927 साली ते केंब्रिजला गेले. त्यांनी यांत्रिक अभियांत्रिकी शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, अशी वडिलांची आणि दोराबजींची अपेक्षा होती. मुलाचे मन मात्र गणित आणि भौतिकीकडे ओढ घेत होते. वडिलांनी तोडगा काढला : अभियांत्रिकीत प्रथम श्रेणी मिळाली तर गणितासाठी आणखी दोन वर्षांचा खर्च करीन. 1930 साली प्रथम श्रेणी मिळाली, आणि वडिलांनी शब्द पाळला. अशा वडिलांचा उल्लेख चरित्रांत एका ओळीत उरकला जातो, याची मला नेहमी खंत वाटते.

भाभा केंब्रिजमध्ये असतानाच, 1932 साली, तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधून काढला. अणुगर्भातील या कणावर विद्युतभार नाही. त्यामुळे तो पदार्थात खोलवर शिरतो. इलेक्ट्रॉनांचे कवच त्याला प्रोटॉनाप्रमाणे अडवीत नाही. भाभांचे स्वतःचे संशोधन मात्र दुसऱ्या कणांवर होते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचे गणित त्यांनी 1935 च्या सुमारास मांडले; ते आजही जगभर भाभा प्रकीर्णन या नावाने ओळखले जाते. 1937 साली हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत दिला. एक कण दुसऱ्यावर सोडावा, तो कोणत्या दिशेस किती वळतो ते मोजावे, आणि त्यावरून न दिसणाऱ्या गोष्टीचे रूप ओळखावे, ही प्रकीर्णनाची रीत. तिच्याशी भाभांची ओळख अशी तरुणपणीच झाली होती.

याच केंब्रिजच्या काळात बेनेट लुइस या इंग्रज शास्त्रज्ञाशी त्यांचा स्नेह जुळला. पुढे लुइस कॅनडातील चॉक रिव्हर येथील अणुसंशोधन केंद्राचे सूत्रधार झाले. या मैत्रीचे फळ काय झाले ते पुढे येईलच.

1939 साली भाभा सुट्टीवर भारतात आले आणि महायुद्ध सुरू झाले. परत जाणे राहून गेले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सर सी. व्ही. रामन यांच्या विभागात, त्यांनी काम सुरू केले. 1941 मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते. युद्ध संपल्यावर इंग्लंडात मोठी जागा मिळणे त्यांना अवघड नव्हते. पण मार्च 1944 मध्ये त्यांनी टाटा विश्वस्त निधीकडे मूलभूत संशोधनाच्या संस्थेसाठी लेखी मागणी केली, आणि 1945 साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. आधी बंगळुरात, मग त्याच वर्षी मुंबईस. हिरोशिमा घडण्याआधीच्या त्या पत्रात अणुशक्तीसाठी लागणारे तज्ज्ञ देशातच तयार असावेत हा विचार होता. 1948 मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. जानेवारी 1954 मध्ये मुंबईजवळ तुर्भे येथे अणुशक्ती केंद्राची सुरुवात झाली. बाबासाहेबांनी आपल्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि पराभव पत्करला, ते हेच वर्ष.

पहिली अणुभट्टी अप्सरा 4 ऑगस्ट 1956 रोजी कार्यान्वित झाली. नागपूरच्या धम्मदीक्षेस तेव्हा सव्वादोन महिने उरले होते. अप्सराचे समृद्ध युरेनियम इंधन ब्रिटनकडून आले, परंतु भट्टीची रचना, बांधणी आणि नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आपल्याच अभियंत्यांनी साधारण वर्षभरात केली. खोल हौदातील स्वच्छ पाण्यात इंधन बुडालेले असते, आणि भट्टी चालू असता ते पाणी निळसर प्रकाशाने उजळते. नेहरूंनी तिला अप्सरा हे नाव दिले ते त्यामुळेच.

आता भट्टी आणि मँगनीज यांचा संबंध काय, ते पाहू. भट्टीत विखंडनातून निघालेले न्यूट्रॉन अतिशय वेगवान असतात. पाण्यासारख्या मंदायकातून जाताना ते मंदावतात. मंद न्यूट्रॉनाला तरंगाचेही रूप असते, आणि त्याची तरंगलांबी स्फटिकातील दोन अणूंमधल्या अंतराएवढी असते. म्हणून भट्टीच्या भिंतीला भोक पाडून न्यूट्रॉनांची शलाका बाहेर घेतली आणि ती स्फटिकावर सोडली, तर ती ठरावीक कोनांतच वळते. क्ष-किरणांनीही असे होते. परंतु न्यूट्रॉनाच्या अंगी आणखी एक गुण आहे : तो स्वतःच एक अतिसूक्ष्म चुंबक आहे. पदार्थातील अणुचुंबक कोणत्या दिशेला तोंड करून बसले आहेत हे त्याला थेट कळते. क्ष-किरणांना ही भाषा जवळजवळ येतच नाही.

ओक रिज येथे शल आणि स्मार्ट यांनी मँगनीज ऑक्साइड उणे 190 अंश सेल्सियसच्या आसपास थंड करून त्यावर न्यूट्रॉन सोडले. खोलीच्या तापमानाला जेथे काहीच नव्हते तेथे नवी शिखरे उमटली. अर्थ असा की शेजारच्या थरांतील अणुचुंबक एकमेकांच्या विरुद्ध दिशांना तोंड करून शिस्तीत उभे आहेत. म्हणून बाहेरून पदार्थ चुंबक वाटत नाही, पण आत चुंबकत्वाची पूर्ण व्यवस्था आहे. अशी व्यवस्था असावी हा लुई नेएल यांचा तर्क होता. न्यूट्रॉनांनी ती दाखवून दिली. ऐकीव गोष्ट प्रमाण न मानता स्वतः पारखून घ्यावी असे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याच्या अनुयायांना ही रीत परकी वाटू नये.

भाभांनी हे काम आपल्या हातांनी केले नाही. त्यांनी माणसे हेरली. 1952 साली टाटा संस्थेत आलेले पी. के. अय्यंगार या तरुणाला 1956 मध्ये चॉक रिव्हरला पाठविण्यात आले. तेथे बर्ट्रम ब्रॉकहाउस हे न्यूट्रॉनांची दिशाच नव्हे, तर त्यांची ऊर्जा किती बदलते हेही मोजण्याचे तंत्र घडवीत होते. स्फटिकातील अणू स्थिर नसतात, ते कंप पावतात. न्यूट्रॉन त्या कंपनांशी ऊर्जेची देवाणघेवाण करून बाहेर पडतो. ब्रॉकहाउस आणि अय्यंगार यांनी जर्मेनियमच्या स्फटिकातील कंपनांचे जे मापन केले, ते या क्षेत्रातील पायाभूत काम ठरले. अय्यंगार परतले आणि त्यांच्या गटाने तुर्भ्याच्या कार्यशाळेतच न्यूट्रॉन वर्णपटमापक बांधावयास घेतले. विकत आणणे शक्य नव्हते असे नाही. पण जो उपकरण बांधतो त्यालाच त्याच्या चुका कळतात, हे तेथील धोरण होते, आणि ते वरपासून आले होते.

अप्सराची शलाका या कामास क्षीण पडे; तिची शक्ती जेमतेम 1 मेगावॉट. मोठी भट्टी मिळाली ती केंब्रिजच्या त्या जुन्या स्नेहामुळे. चॉक रिव्हरच्या भट्टीच्या धर्तीवर 40 मेगावॉटची सायरस भट्टी कॅनडाने देऊ केली, जड पाणी अमेरिकेने पुरविले, आणि 10 जुलै 1960 रोजी ती कार्यान्वित झाली. सायरसच्या भोवती तुर्भ्याची न्यूट्रॉन प्रकीर्णनाची शाळा खऱ्या अर्थाने भरली. कंपनांबरोबरच चुंबकीय पदार्थांचा अभ्यास सुरू झाला. 1960 च्या दशकाच्या मध्यास फिलिपिन्समध्ये न्यूट्रॉन वर्णपटमापक नेऊन आग्नेय आशियातील शास्त्रज्ञांना शिकविण्याचा उपक्रमही भारताने चालविला. ज्या देशाला वीस वर्षांपूर्वी शिकावयास बाहेर जावे लागत होते, तो शिकवू लागला होता.

या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. सायरस शांततेच्या कामासाठी म्हणून मिळाली होती. मे 1974 मध्ये पोखरणला झालेल्या अणुस्फोटाचे प्लुटोनियम तिच्यातूनच आले, आणि त्यानंतर कॅनडाने अणुसहकार्य थांबविले. त्या स्फोटाला जगभर हसऱ्या बुद्धाच्या नावाने ओळखतात. आपल्यासारख्या शाळेत ते नाव उच्चारताना जीभ अडखळते. भाभा तेव्हा हयात नव्हते. पण 1964 साली चीनच्या चाचणीनंतर त्यांनी आकाशवाणीवरून अण्वस्त्रांचा खर्च फारसा नसतो असे हिशेब मांडून सांगितले होते, आणि त्याच भाषणात निःशस्त्रीकरणाचा आग्रहही धरला होता. दोन्ही गोष्टी त्यांच्याच आहेत. त्यांचे भाकीतही नेहमी खरे ठरले असे नाही : 1955 मध्ये जिनीव्हा येथील परिषदेचे अध्यक्ष असताना, संलयनाची ऊर्जा वीस वर्षांत माणसाच्या काबूत येईल असे त्यांनी म्हटले होते. ती अजून आलेली नाही.

माणूस म्हणून ते रसिक आणि काटेकोर होते. विवाह केला नाही. स्वतः चित्रे काढीत. कुलाब्याच्या संस्थेत हुसेन यांचे भित्तिचित्र लावले, आणि बांधकामाच्या आड आलेली झाडे तोडण्याऐवजी मुळासकट उचलून दुसरीकडे लावविली. 1957 पासून त्यांनी प्रशिक्षणशाळा चालविली. दरवर्षी देशभरातून पदवीधर निवडून त्यांना वर्षभर शिकवावयाचे आणि मग कामावर घ्यावयाचे, ही पद्धत आजतागायत चालू आहे. खेड्यातल्या महाविद्यालयातून आलेल्या मुलालाही तेथे शिरकाव मिळाला तो या दारातून.

24 जानेवारी 1966 रोजी व्हिएन्नाकडे जाताना त्यांचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. वय छप्पन्न. पुढील वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

1986 साली तांब्याच्या ऑक्साइडांत उच्च तापमानाची अतिसंवाहकता सापडली. अतिसंवाहक म्हणजे ठरावीक तापमानाखाली विजेला मुळीच विरोध न करणारा पदार्थ. चुंबकत्व हे अतिसंवाहकतेचे वैरी, असा पूर्वापार समज होता. परंतु न्यूट्रॉनांनी दाखविले की या पदार्थांच्या मूळ संयुगांत तांब्याचे अणुचुंबक मँगनीज ऑक्साइडमधल्यासारखेच उलटसुलट उभे असतात. 1994 मध्ये भाभांच्याच टाटा संस्थेत इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या पदार्थात सुमारे 12 केल्विनला अतिसंवाहकता आढळली. त्या कुळातील होल्मियमच्या संयुगाची गंमत अशी की ते 8 केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होते, 5 केल्विनजवळ चुंबकीय मांडणी बदलू लागताच ते गुण गमावू पाहते, आणि आणखी थंड झाल्यावर पुन्हा सावरते. मधल्या टप्प्यात अणुचुंबकांची मांडणी मळसूत्रासारखी पिळलेली असते, हे न्यूट्रॉनांनीच उलगडले. त्याच वर्षी शल आणि ब्रॉकहाउस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अप्सरा आणि सायरस आता विझल्या आहेत. 1985 पासून तुर्भ्याची ध्रुव भट्टी न्यूट्रॉन देते, आणि तिच्या शलाकांवर विद्यापीठांतील संशोधकांनाही आपले नमुने घेऊन जाता येते. त्या नमुन्यांत मँगनीजची संयुगे अजूनही असतात.